उणिवेचा दंड

अन्याय म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें कांहीं तरी मोठें उभें राहतें: राजानें लुटलेलें गांव, सावकारानें गिळलेलें शेत, बलवानानें दुर्बळावर उगारलेला हात. परंतु ज्या समाजांत कायदा चालतो, कागद चालतो आणि प्रत्येक व्यवहाराची पावती मिळते, त्या समाजांत अन्याय घडलाच तर तो बहुधा लहान आकाराचा असतो. तो शंभर रुपयांचा असतो, अडीचशें रुपयांचा असतो. त्याच्याखालीं ज्याच्यावर तो घडला त्याचीच सही असते. आणि तो घडविणारा मनुष्य सभ्य, मृदुभाषी व नियमाला धरून वागणारा असतो. अशा लहान अन्यायाचा विचार करणें मोठ्या अन्यायाच्या विचाराहून कठीण आहे, कारण येथें बोट दाखवावयास खलपुरुष सांपडत नाहीं. खात्यांतील शिल्लक कमी पडली म्हणून बँक जी रक्कम कापून घेते ती न्याय्य आहे काय, हा प्रश्न याच जातीचा आहे.

हा प्रश्न सुचण्याचें निमित्त आमच्या घरचेंच आहे. आम्ही राहतों तें बाळकुम हें ठाण्याच्या कडेचें आगरी-कोळ्यांचें जुनें गांव. जुना आग्रा रस्ता येथूनच कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडून भिवंडीकडे जातो. आतां या गांवाच्या डोक्यावर उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्या इमारतींतील स्वयंपाक, धुणींभांडीं व मुलांची राखण जुन्या पाड्यांतील आणि चाळींतील बायांच्या हातांवर चालते. आमच्या घरीं स्वयंपाक करणाऱ्या बाई अशांपैकींच एक. त्या आपले पैसे घरांत डब्यांत ठेवीत. ‘डब्यांतला पैसा उसना मागितला जातो, चोरीला जातो, नको त्याच्या हातीं लागतो, तुम्ही बँकेंत ठेवा,’ असा उपदेश आम्हींच त्यांना केला आणि खातें उघडण्याचा अर्जहि आम्हींच भरून दिला. पुढें त्यांनीं हप्त्यानें शिवणयंत्र घेतलें. हप्ता १२५० रुपयांचा. ठरलेल्या तारखेला तो खात्यांतून परस्पर जाई.

एका महिन्यांत हप्त्याच्या आदल्या दिवशीं खात्यांत १३१० रुपये होते. म्हणजे हप्ता जाऊन ६० रुपये उरावयाचे. परंतु त्या खात्यांत सरासरी ३००० रुपये शिल्लक राखली पाहिजे असा नियम होता, आणि ती राखली नाहीं म्हणून बँकेनें त्याच दिवशीं १०० रुपये व त्यावरील १८ टक्के कर मिळून ११८ रुपये वळते केले. उरले ११९२. दुसऱ्या दिवशीं हप्ता आला तो ५८ रुपयांनीं अडला व परत गेला. तो परत गेला म्हणून बँकेनें करासह २९५ रुपये घेतले; आणि हप्ता बुडाला म्हणून कर्ज देणाऱ्या कंपनीनें ४०० रुपये घेतले. ५८ रुपयांच्या तुटीपायीं ८१३ रुपये गेले, म्हणजे तुटीच्या चौदा पट. आणि ती तूटहि बाईंनीं पाडलेली नव्हती; पहिल्या दंडानेंच पाडलेली होती.

आम्ही बँकेंत गेलों. अधिकारी अत्यंत सौजन्यानें बोलले. नियम अर्जाच्या मागें छापलेला होता, त्याखालीं बाईंची सही होती, आणि शिल्लक कमी असल्याची सूचना दूरध्वनीवर संदेशानें पाठविली होती. ती इंग्रजींत होती व बाईंच्या जुन्या क्रमांकावर गेली होती. परंतु क्रमांक बदलल्याचें बँकेला कळविणें हें बाईंचें काम होतें, हेंहि खरेंच. अधिकाऱ्यांचें एकहि वाक्य खोटें नव्हतें. परत येतांना बाईंनीं आम्हांला विचारलें, “काका, पैसे कमी होते म्हणून पैसे कापले, तर मग ते आणखी कमीच नाहीं का झाले?” तत्त्वज्ञान शिकविण्यांत ज्याचीं तीस वर्षें गेलीं त्याला या प्रश्नाचें उत्तर रस्त्यांत देतां आलें नाहीं. तें येथें शोधावयाचें आहे.

प्रथम बँकेची बाजू नीट मांडली पाहिजे. बँक हें अन्नछत्र नव्हे. खातें लहान असो वा मोठें, त्याची नोंद, यंत्रें, नोकरवर्ग व जागा यांना खर्च लागतो. हा खर्च बँक ठेवीच्या आधारानें भागविते: ठेवीदाराला ती थोडें व्याज देते, ऋणकोकडून जास्त घेते आणि मधला फरक स्वतःकडे ठेवते. ठेव फारच लहान असेल तर हा फरक खर्चाला पुरत नाहीं. तेव्हां ‘एवढी शिल्लक ठेवा, नाहीं तर खर्चाचा वाटा द्या,’ असें बँकेनें म्हणण्यांत वरवर पाहतां गैर कांहीं नाहीं. हप्ता किंवा धनादेश परत जाण्याविषयीं तर बँकेची बाजू अधिक बळकट आहे. खात्यांत पैसे नसतां दिलेला धनादेश हें खोटें वचन आहे, त्यानें तिऱ्हाइताचें नुकसान होतें, आणि १९८९ पासून आपल्या कायद्यानें तो कांहीं अटींवर गुन्हाहि ठरविला आहे. अशा वचनभंगाला कांहींच किंमत द्यावी लागूं नये असें कोण म्हणेल?

परंतु या समर्थनाकडे जरा निरखून पाहिलें म्हणजे त्यांत तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या दिसतात. पैसा घेण्याचीं तीन कारणें असूं शकतात: किंमत, भरपाई आणि दंड. किंमत ही दिलेल्या सेवेबद्दल असते; ती सर्वांना सारखी असावी अशी आपली अपेक्षा असते. भरपाई ही झालेल्या नुकसानीबद्दल असते; ती नुकसानीइतकीच असावी. दंड हा अपराधाबद्दल असतो. तो देण्यापूर्वीं अपराध, अपराध्याचा हेतु आणि त्याचें म्हणणें हीं पाहावीं लागतात. या तिहींचे न्याय वेगळे आहेत. बँकेची ही कापणी मात्र विचारणाऱ्याप्रमाणें नांव बदलते. ‘हा दंड फार आहे’ म्हणावें तर ती म्हणते, ‘दंड नव्हे, सेवेची किंमत.’ ‘मग किंमत सर्वांकडून कां घेत नाहीं?’ म्हणावें तर ती म्हणते, ‘ज्याच्यामुळें तोटा होतो त्याच्याकडून भरपाई.’ ‘मग तोटा किती झाला तें दाखवा’ म्हणावें तर ती म्हणते, ‘खातेदारांना शिस्त लागली पाहिजे,’ म्हणजे पुन्हां दंड. ज्या वस्तूला तीन नांवें आहेत तिला तिहींपैकीं एकाहि न्यायाच्या कसोटीला उतरावें लागत नाहीं. नीतिशास्त्राच्या दृष्टीनें खरी खोंच येथें आहे. म्हणून आपण तिन्ही कसोट्या एकामागून एक लावून पाहूं.

भरपाई म्हणून पाहिलें तर हिशेब सोपा आहे. बाईंच्या खात्यांत सरासरी हजार रुपये होते असें धरूं. म्हणजे ३००० ला २००० कमी. हे २००० रुपये बँकेच्या हातीं असते तर त्यांवर तिला वर्षाला शेंकडा सहा रुपये निव्वळ फरक सुटला असता असें उदारपणें मानूं. तेव्हां एका महिन्याची नुकसानी होते १० रुपये. घेतले १००. ॲरिस्टॉटलनें आपल्या नीतिग्रंथाच्या पांचव्या भागांत सांगितलें आहे कीं, देवघेवींतील बिघाड दुरुस्त करतांना न्यायाधीशानें मनुष्य कोण हें पाहूं नये, केवळ नुकसान किती हें पाहावें व तेवढेंच भरून द्यावें. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या ७४ व्या कलमाचा सूरहि हाच आहे: करार मोडल्यास द्यावयाची रक्कम करारांत लिहिलेली असली तरी ती सगळी मिळेलच असें नाहीं, त्या मर्यादेंत वाजवी भरपाई तेवढी मिळावयाची. दहाच्या जागीं शंभर हें वाजवी म्हणवत नाहीं.

किंमत म्हणून पाहिलें तर आणखी चमत्कारिक प्रकार दिसतो. आमचें स्वतःचें खातें पगाराचें आहे. त्यांत किमान शिल्लक राखण्याची अट नाहीं. महिनाअखेर तें शून्यावर आलें तरी आम्हांस कोणी कांहीं विचारीत नाहीं. प्राध्यापकाला शून्य चालतें आणि त्याच्या घरीं पोळ्या लाटणाऱ्या बाईंना तीन हजार लागतात! व्यवहारदृष्टीनें याला उत्तर आहे: आमचा पगार दरमहा येतो, त्यावर बँकेला कर्जें विकतां येतात. परंतु मग ‘खातें सांभाळण्याचा खर्च’ हें कारण उरत नाहीं, कारण आमचें खातें सांभाळण्यास बाईंच्या खात्याहून कमी खर्च लागत नाहीं. ज्या सेवेला आम्ही आजवर ‘फुकट’ म्हणत आलों ती फुकट नाहीं. तिच्या खर्चांतला कांहीं वाटा ज्यांची शिल्लक कमी पडते त्यांच्या कापणींतून निघतो. हें ध्यानांत आलें तेव्हां आम्हांस थोडी लाज वाटली. अन्यायाचा लाभ घेणाऱ्याला अन्याय करण्याची इच्छा असावीच लागते असें नाहीं. त्याला केवळ हिशेब न पाहण्याची संवय असावी लागते.

इंग्लंडांत याच प्रश्नावर मोठा वाद झाला. तेथें परवानगीवांचून शिलकीपेक्षां जास्त उचल झाली, म्हणजे ज्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात तो झाला, कीं बँका जबर शुल्क घेत. तेथील व्यापार-न्याय पाहणारें सरकारी खातें न्यायालयांत गेलें. २५ नोव्हेंबर २००९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें बँकांच्या बाजूनें निकाल दिला. तो असा कीं, हें शुल्क बँकेच्या एकंदर सेवेच्या किमतीचाच भाग आहे, आणि किंमत योग्य कीं अयोग्य हें त्या विशिष्ट नियमाखालीं तपासतां येत नाहीं. शुल्क न्याय्य आहे असें न्यायालयानें म्हटलें नाहीं; तो प्रश्न आपल्यापुढें नाहीं एवढेंच म्हटलें. कायदेशीर आणि न्याय्य यांतील अंतर याहून स्वच्छ क्वचितच दिसतें. पुढें २०२० सालीं तेथील नियामकानेंच हें ठोक शुल्क बंद करून जादा उचलीवर फक्त व्याज घेण्याचा नियम केला. न्यायालयाला जें करतां आलें नाहीं तें लोकमतानें करून घेतलें.

आतां तिसरें नांव, दंड. दंडाच्या समर्थकांचा आधार म्हणजे शिस्त. ही कसोटी आम्हांस फार महत्त्वाची वाटते, आणि ती लावण्याचा एक सरळ मार्ग आहे. कोणताहि प्रामाणिक दंड हा आपण स्वतः नाहींसें व्हावें अशी इच्छा करीत असतो. उद्यां सगळे खातेदार शिस्तीनें वागूं लागले आणि दंडाची एक कवडीहि जमा झाली नाहीं, तर बँकेला आनंद होईल कीं चिंता? आनंद होत असेल तर तो दंड. चिंता होत असेल तर तें उत्पन्न. रिझर्व्ह बँकेनें ऑगस्ट २०२३ मध्यें कर्जांवरील दंडात्मक आकारांविषयीं परिपत्रक काढलें, त्यांत हेंच तत्त्व आहे: अशा आकाराचा हेतु शिस्त लावणें हा असावा, उत्पन्न वाढविणें हा नव्हे. हें तत्त्व कर्जाला लागू आणि ठेवीला लागू नाहीं, असें म्हणण्यास नैतिक आधार दिसत नाहीं.

या कसोटीला आंकडे कसे उतरतात? भारतीय स्टेट बँकेनें कांहीं वर्षांच्या खंडानंतर एप्रिल २०१७ पासून किमान शिलकीचा दंड पुन्हां सुरू केला, आणि त्या वर्षींच्या एप्रिल ते नोव्हेंबर या आठ महिन्यांत तो सुमारें १७७२ कोटि रुपये जमला. ही रक्कम त्याच वर्षाच्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहींतील बँकेच्या नफ्याहून अधिक होती. लोकांत ओरड झाली, दंड कमी झाला, आणि मार्च २०२० मध्यें बँकेनें तो सर्व बचत खात्यांसाठीं काढून टाकला. २०१९-२० ते २०२३-२४ या पांच वर्षांत सार्वजनिक क्षेत्रांतील बँकांनीं मिळून या सदराखालीं सुमारें ८५०० कोटि रुपये घेतल्याचें सरकारनें संसदेंत सांगितलें. पुढें २०२५ सालीं कॅनरा बँकेनें जूनपासून व पंजाब नॅशनल बँकेसह आणखी कांहीं बँकांनीं जुलैपासून हा दंड सोडून दिला. देशांतील सर्वांत मोठी बँक त्यावांचून पांच वर्षें चालली, तेव्हां त्यावांचून बँक चालणार नाहीं हा युक्तिवाद अनुभवानेंच निकालांत काढला आहे.

मुख्य आक्षेप अजून राहिलाच आहे: सही. ‘नियम मान्य करून सही केली, मग तक्रार कसली?’ कराराचें पावित्र्य आम्ही कमी लेखीत नाहीं. वचन पाळणें हा सर्व व्यवहाराचा पाया आहे. परंतु सही म्हणजे संमति हें समीकरण महाराष्ट्राला नवें नाहीं, आणि त्याचा परिणामहि नवा नाहीं. १८७५ सालीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांवर उठून रोखे जाळले, ते रोखे शेतकऱ्यांच्या सह्याअंगठ्यांचेच होते. त्यानंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला त्यानें न्यायालयांना रोख्यामागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याची मोकळीक दिली. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८९२ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत हिंदी अर्थशास्त्रावर जें प्रसिद्ध व्याख्यान दिलें त्यांत हाच विचार आहे कीं, जेथें दोन पक्षांचें बळ सारखें नाहीं तेथें करारस्वातंत्र्याची भाषा दुबळ्याच्या जखमेवर मीठ चोळते. आणि त्याहून जुना असा आपल्या स्मृतींतला दामदुपटीचा नियम आहे: व्याज एका वेळीं मुदलाहून अधिक वसूल करतां येत नाहीं. मुंबई इलाख्यांतील न्यायालयें हा नियम हिंदु ऋणकोंच्या बाबतींत पाळीत असत. ऋणकोनें कितीहि राजीखुशीनें लिहून दिलें असो, एका मर्यादेपलीकडे त्याची संमति त्याच्याविरुद्ध चालावयाची नाहीं, असा त्याचा अर्थ. बँकेचा दंड व्याज नव्हे, म्हणून ही तुलना काटेकोर नाहीं. परंतु ज्या परंपरेला दुपटीची लाज वाटत होती तिच्या वारसांनीं चौदा पट पाहून स्वस्थ बसावें, हें कांहीं ठीक नाहीं.

‘गरिबांसाठीं वेगळीं खातीं आहेत, तीं कां उघडलीं नाहींत?’ असेंहि विचारतील. प्रश्न रास्त आहे. किमान शिलकीवांचून चालणारें मूलभूत बचत खातें रिझर्व्ह बँकेनें २०१२ सालीं सर्वांना खुलें केलें, आणि २०१४ च्या जनधन योजनेनें तशीं कोट्यवधि खातीं उघडलीं. परंतु तें खातें मागणाऱ्याला मिळतें; न मागणाऱ्याला त्याचें नांव कोणी सांगत नाहीं. आम्ही शिकलेले, आणि अर्ज भरतांना आम्हांलाहि तें ठाऊक नव्हतें. तेव्हां दोषाचा एक भाग आमच्याहि पदरीं येतो. शिवाय त्या खात्यांतहि सगळेंच निर्वेध नव्हतें. मुंबईच्या आयआयटींतील प्राध्यापक आशिष दास यांनीं आपल्या अभ्यासांत दाखवून दिलें कीं, अशाच खात्यांतून महिन्यांत चारांहून अधिक वेळां पैसे काढले कीं प्रत्येक वेळीं स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे घेत असे, आणि २०१५ ते २०२० या काळांत ही रक्कम तीनशें कोटींच्या वर गेली. एका शिक्षकानें आंकडेमोड केली म्हणून ही गोष्ट उजेडांत आली. लहान अन्यायाला उजेड पाडणारा असा कोणी लागतो, कारण ज्याचे १७ रुपये गेले तो त्यासाठीं अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून बँकेंत जात नाहीं.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. त्याच जनधन खात्याला पात्र खातेदारासाठीं ओव्हरड्राफ्टची सोय आहे. तिची मर्यादा २०१८ सालीं १०,००० रुपये झाली. म्हणजे महिनाअखेर कमी पडणारे पैसे ही एकीकडे मदतीची वेळ मानली आहे, आणि दुसरीकडे, त्याच रस्त्यावरच्या दुसऱ्या खात्यांत, तीच उणीव अपराध मानली आहे. उणीव आणि अपराध यांतला हा भेद आम्हांला सगळ्या प्रश्नाचें मर्म वाटतो. शिल्लक असतां हप्ता चुकविणारा मनुष्य चूक करतो. त्याला दंड व्हावा. परंतु ज्याच्याजवळ नाहींच त्यानें ‘शिल्लक ठेवली नाहीं’ असें म्हणणें म्हणजे उपाशी मनुष्यानें जेवणाची वेळ पाळली नाहीं असें म्हणण्यासारखें आहे. दंडानें चूक सुधारते. उणीव दंडानें फक्त वाढते. बाईंचा प्रश्न नेमका हाच होता.

तेव्हां आमचें उत्तर असें आहे. शुल्क घेणें हाच अन्याय, असें आम्ही म्हणत नाहीं. परत गेलेल्या हप्त्याचा प्रत्यक्ष खर्च बँकेनें घ्यावा. लोकांना फसवून धनादेश देणाऱ्याला शासन व्हावें. परंतु किमान शिलकीची कापणी तिन्ही कसोट्यांना उतरत नाहीं, आणि ती जेथें राहील तेथें निदान चार गोष्टी पाळल्या जाव्यात. ती प्रत्यक्ष तुटीच्या प्रमाणांत असावी. ती खातेदाराच्या भाषेंत, त्याच्यापर्यंत पोंचेल अशा रीतीनें, आधीं कळविलेली असावी. ज्याला शिल्लक राखणें जमत नाहीं असें दोन-तीन महिन्यांत दिसून येतें त्याचें खातें बँकेनें स्वतः मूलभूत प्रकारांत बदलावें. आणि एका दंडानें दुसऱ्या दंडाला जन्म देऊं नये. पहिल्या तीन गोष्टींपैकीं पुष्कळशा रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१५ पासून लागू झालेल्या नियमांत आहेतच: महिन्याची मुदत, तुटीशीं प्रमाण, आणि केवळ या आकारामुळें खातें शून्याखालीं जाऊं नये ही अट. चौथी मात्र तेथें नाहीं. खातें शून्याखालीं जात नाहीं. पण हप्त्याखालीं जातें, आणि गरिबाच्या संसारांत शून्य तेथेंच असतें.

बाईंचें खातें आतां मूलभूत प्रकारांत बदलून मिळालें आहे. कापलेले पैसे परत आले नाहींत. अर्ज आमच्या हातचा होता म्हणून ते आम्हीं देऊं केले. बाईंनीं घेतले नाहींत. “तुम्हीं कशाला भरायचे?” एवढेंच त्या म्हणाल्या. त्या आतां हप्त्यापुरते पैसे तारखेच्या दोन दिवस आधीं बँकेंत भरतात. बाकीचे पुन्हां डब्यांत ठेवतात, आणि ते बँकेंत ठेवा असें त्यांना पुन्हां सांगण्याचा धीर आम्हांस अजून झालेला नाहीं.